हरवलेली नदी

नदी शेवटी कोठे जाते, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, "समुद्राला मिळते." गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. तापी अरबी समुद्राला मिळते. लहान नद्या मोठ्या नद्यांना मिळतात आणि त्यांच्याबरोबर समुद्राकडे जातात. पण अमेरिकेत एक नदी अशी आहे, की ती कोणालाच मिळत नाही. भर मैदानात ती जमिनीत शिरते आणि दिसेनाशी होते. लोकांनी तिचे नावच 'बिग लॉस्ट रिव्हर' असे ठेवले आहे. म्हणजे 'मोठी हरवलेली नदी'.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वायव्येला आयडाहो नावाचे राज्य आहे. या राज्याच्या मध्यभागी उंच पर्वत आहेत. हिवाळ्यात त्यांच्यावर भरपूर बर्फ पडते. उन्हाळा आला की हे बर्फ वितळते आणि ओढ्यांना पाणी येते. असे पुष्कळ ओढे मिळून ही नदी तयार होते. मॅके आणि आर्को या गावांवरून ती खाली उतरते आणि एका विस्तीर्ण सपाट मैदानात येते. त्याला स्नेक नदीचे मैदान म्हणतात. वाटेत शेतकरी तिचे बरेचसे पाणी पाटाने शेतीला घेतात. त्यामुळे कोरड्या वर्षी ती मैदानात फारशी पुढे येतच नाही. पण ज्या वर्षी बर्फ चांगले पडते, त्या वर्षी ती मैदानात दूरवर जाते, उथळ खोलगट जागी पसरते आणि हळूहळू जमिनीत मुरून जाते. त्या जागेच्या पुढे नदीचे पात्र नाही की काठ नाही. तिच्या शेजारी तिची एक धाकटी बहीणही आहे. तिचे नाव 'लिटल लॉस्ट रिव्हर'. तीही अशीच नाहीशी होते.

एवढे पाणी जाते तरी कोठे? ही काही जादू नाही. हे काम आहे जमिनीखालच्या खडकाचे. ते समजून घ्यायचे असेल तर आधी एक लहानसा प्रयोग करून पाहा.

अंगणात तीन वस्तू ठेवा. एक गुळगुळीत फरशीचा तुकडा, एक भाजलेली वीट आणि खडीने भरलेली एक टोपली. प्रत्येकीवर एक एक तांब्या पाणी ओता. फरशीवरचे पाणी चटकन घरंगळून चारी बाजूंना जाईल. विटेवर ओतलेले थोडे पाणी वीट पिऊन टाकेल आणि उरलेले वाहून जाईल. टोपलीवर ओतलेले पाणी मात्र वर थांबणार नाही आणि बाजूलाही वाहणार नाही. खडीच्या फटींतून ते सरळ खाली जाईल. पाणी तेवढेच, ओतणारा हातही तोच. फरक पडला तो खालच्या वस्तूमुळे.

पावसाचेही असेच होते. आकाशातून पडलेल्या पाण्यापैकी काही वाफ होऊन उडून जाते. काही झाडे पितात. उरलेल्या पाण्याला दोन वाटा असतात. एक वाट जमिनीवरून, उतारावरून वाहत जाण्याची. दुसरी वाट जमिनीत मुरण्याची. मुरलेल्या पाण्याला आपण भूजल म्हणतो. आपल्या विहिरींत आणि झऱ्यांत येते ते हेच पाणी. कोणत्या वाटेने किती पाणी जाईल, हे जमिनीचा उतार, माती, झाडेझुडपे आणि पावसाचा जोर यांवर अवलंबून असते. आणि खाली खडक कोणता आहे, यावरही ते फार अवलंबून असते.

खडक फरशीसारखा असेल तर काय होते, हे अमेरिकेतील लोकांनी एका संध्याकाळी पाहिले. कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या पायथ्याजवळ बिग थॉम्प्सन नावाची नदी आहे. ती एका अरुंद आणि खोल घळीतून वाहते. घळीच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट व त्यासारख्याच कठीण खडकांचे उंच कडे आहेत. त्या कड्यांवर मातीचा थर अगदी पातळ आहे. ग्रॅनाइटच्या अंगात पाणी शिरायला जागा नसते. भेगा असतील तेवढ्यांतच थोडे पाणी जाते. ३१ जुलै १९७६ रोजी संध्याकाळी या घळीच्या वरच्या भागात एक प्रचंड ढग येऊन थांबला. तो पुढे सरकेना. काही तासांत तेथे सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस कोसळला. मुरायला जागाच नव्हती. कड्यांवरून पडणारे सारे पाणी एकाच वेळी नदीत आले. काही ठिकाणी पाण्याची जणू भिंतच घळीतून धावत आली. सुट्टीसाठी आलेली माणसे तंबूंत आणि घरांत होती. १४० हून अधिक लोक त्या रात्री मृत्युमुखी पडले.

त्या रात्री जे मोटारीत बसून घळीतून खाली पळू लागले, त्यांच्यापैकी अनेकांना पुराने गाठले. मोटार तशीच सोडून जे कड्यावर चढले, ते वाचले. म्हणून आता कोलोरॅडोतील अशा घळींच्या रस्त्यांवर पाट्या लावलेल्या आहेत. पूर आला तर वर चढा, असे त्यांवर सांगितलेले असते. खडकाचा स्वभाव ओळखून लावलेल्या या पाट्या आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

चुनखडीचा खडक याहून अगदी निराळा. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून खाली येताना त्यात कार्बन डायऑक्साइड वायू मिसळतो. मग ते पाणी अगदी किंचित आंबट होते. जिभेला ते कळणारही नाही. पण चुनखडीला ते कळते! असे पाणी चुनखडीच्या भेगांतून हजारो वर्षे झिरपत राहिले, की भेगा विरघळून रुंद होतात. त्यांच्या नळ्या होतात, नळ्यांची भुयारे होतात आणि भुयारांच्या गुहा होतात. टेक्सास राज्यात अशा चुनखडीचा एक मोठा पट्टा आहे. डोंगरांतून येणारे ओढे या पट्ट्यावरून जाऊ लागले, की त्यांचे पाणी भेगांतून आणि खड्ड्यांतून खाली जाते. कित्येक ओढ्यांचे पात्र तेथे कोरडे पडलेले दिसते. हेच पाणी पुढे सॅन अँटोनिओ या मोठ्या शहराच्या विहिरींतून वर काढले जाते. लाखो लोक ते पितात.

भुयारांतून पाणी भराभर वाहते. ऑस्टिन शहरात 'बार्टन स्प्रिंग्ज' नावाचे झरे आहेत. लोक तेथे बाराही महिने पोहायला जातात. या झऱ्यांचे पाणी कोठून येते, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी दूरच्या ओढ्यांत निरुपद्रवी रंग टाकून पाहिला. एका दिवसात काही किलोमीटर प्रवास करून तो रंग झऱ्यांपर्यंत आला. पण जे पाणी असे झटपट येते, ते झटपट संपूही शकते. १९५० नंतर टेक्सासमध्ये ओळीने काही वर्षे दुष्काळ पडला. तेव्हा १९५६ साली न्यू ब्राउन्फेल्स गावचे 'कोमल स्प्रिंग्ज' हे मोठे झरे काही महिने पार आटले होते.

आता आपण आपल्या हरवलेल्या नदीकडे वळू या. आयडाहोच्या त्या मैदानात ग्रॅनाइटही नाही आणि चुनखडीही नाही. तेथे आहे काळा बेसॉल्ट. म्हणजे लाव्हारस थंड होऊन झालेला खडक. त्या मैदानात जमिनीला भेगा पडून वेळोवेळी लाव्हारस बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर काही काळाने दुसरा थर आला. मग तिसरा आला. तव्यावरून काढलेल्या भाकरी एकीवर एक ठेवून चवड करावी, तसे हे थर रचले गेले. भाकरीचा पापुद्रा कसा वर फुगलेला आणि खडबडीत असतो? लाव्हाच्या थराचेही तसेच असते. त्याचा वरचा भाग फुटलेला, पोकळ आणि भोकाभोकांचा असतो. दोन थरांच्या मध्ये मोठमोठ्या फटी राहतात. थर थंड होताना आकसतो, म्हणून त्याला उभ्या भेगाही पडतात. उभ्या भेगांतून पाणी खाली उतरते आणि आडव्या फटींतून पुढे सरकते.

आर्कोजवळ 'क्रेटर्स ऑफ द मून' नावाचे राष्ट्रीय स्मारक आहे. १९२४ साली सरकारने हा लाव्हाचा प्रदेश राखून ठेवला. तेथला सर्वांत नवा लाव्हा जेमतेम दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. खडकाच्या हिशेबात हे म्हणजे कालचे बाळ! तेथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाणी पडते. तरीही त्या काळ्या खडकावर एकही ओढा वाहताना दिसत नाही. पडलेले पाणी खडक गिळून टाकतो. हा प्रदेश इतका ओसाड, की १९६९ साली अमेरिकेचे काही अंतराळवीर खडकांचा अभ्यास करण्यासाठी मुद्दाम तेथे आले होते.

या मैदानाखाली पाण्याचा एक प्रचंड साठा आहे. पण जमिनीखाली मोठे तळे आहे, अशी कल्पना करू नका. पाणी असते ते फटीफटींतून आणि भोकाभोकांतून. भिजलेल्या विटेत पाणी असते तसे. हा साठा एका जागी थांबत नाही. तो नैर्ऋत्येकडे हळूहळू सरकत असतो. सुमारे १६० किलोमीटर दूर हॅगरमन गावाजवळ स्नेक नदीने मैदानाला खोल चिरून एक दरी केली आहे. तेथे खडकाचे थर उघडे पडले आहेत. त्या उघड्या थरांतून, काळ्या कड्याच्या मधूनच पाण्याच्या पांढऱ्या धारा बाहेर पडतात. जागोजागी कडा फुटून पाणी येते. या जागेला 'थाउजंड स्प्रिंग्ज' म्हणजे 'हजार झरे' म्हणतात. आपली हरवलेली नदी येथे सापडते. अर्थात ती एकटी नसते. मैदानात मुरलेले पावसाचे, बर्फाचे, पाटांचे आणि इतर ओढ्यांचे पाणीही तिच्याबरोबर असते.

हा प्रवास किती दिवसांचा असेल? आपणच गणित करू या. या खडकातून पाणी दिवसाला काही मीटरच पुढे सरकते. समजा, ते दिवसाला तीन मीटर सरकते. म्हणजे वर्गातल्या मोठ्या फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला अख्खा दिवस लागतो. वर्षाच्या ३६५ दिवसांत ते १०९५ मीटर जाईल. म्हणजे एक किलोमीटरहून थोडेसे जास्त. या वेगाने १६० किलोमीटर जायला सुमारे १४६ वर्षे लागतील! आज कड्यातून उडी घेणारा नदीच्या पाण्याचा एखादा थेंब जमिनीत बुडाला, तेव्हा आयडाहो हे राज्यही झालेले नव्हते. ते राज्य १८९० साली झाले.

पाणी सावकाश येते, म्हणून ते एकसारखे येते. बाहेर कडाक्याची थंडी असो की ऊन, झऱ्याच्या पाण्याची उष्णता वर्षभर जवळजवळ सारखीच, सुमारे १५ अंश असते. ट्राउट नावाच्या माशांना असे थंड, स्वच्छ, वाहते पाणी फार मानवते. म्हणून हॅगरमनच्या दरीत झऱ्यांच्या पाण्यावर मासे पाळण्याचा मोठा धंदा उभा राहिला.

पण खडक पाणी देतो तसा तो हिशेबही ठेवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी या मैदानात स्नेक नदीवरून मोठमोठे पाट काढले. पाट कच्चे होते. खालचा खडक भोकांचा. त्यामुळे पाटांतले आणि शेतांतले पुष्कळ पाणी खाली गळून गेले. शेतकऱ्यांना वाटले, पाणी वाया गेले. पण दूरवरचे झरे मात्र फुगू लागले! १९५० च्या सुमारास त्या भागातील सर्व झरे मिळून दर सेकंदाला १ लाख ९० हजार लीटरच्या आसपास पाणी बाहेर पडत होते. पुढे शेतकऱ्यांनी विजेचे पंप लावून विहिरींतून पाणी उपसायला सुरुवात केली. पाटाने पाणी भरण्याऐवजी ते तुषार सिंचन करू लागले. तुषार सिंचनात पाणी वाचते, ही गोष्ट चांगलीच आहे. पण त्यामुळे खाली मुरणारे पाणी कमी झाले आणि उपसा वाढला. झऱ्यांचे पाणी घटू लागले. मासे पाळणारे, नदीवर शेती करणारे आणि पंपाने पाणी उपसणारे यांच्यात भांडणे जुंपली. ती न्यायालयात गेली. अखेर २०१५ साली एक मोठा समझोता झाला आणि पंपवाल्यांनी उपसा कमी करण्याचे मान्य केले. आता हिवाळ्यात शेतीला पाणी लागत नाही तेव्हा राज्य सरकार पाटांतून मुद्दाम पाणी सोडते आणि ते लाव्हाच्या खडकात मुरवते. ज्या गळतीला एके काळी लोक नावे ठेवत होते, तीच आता खर्च करून घडवून आणावी लागते.

अशा खडकाचा एक धोकाही आहे. वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, तसे मोठ्या भेगांतून गाळले जात नाही. वर जे टाकावे ते खाली जाते. हरवलेल्या नदीच्या मैदानातच अमेरिकेचे एक मोठे अणुसंशोधन केंद्र आहे. ते १९४९ साली सुरू झाले. तेथील दूषित सांडपाणी १९५२ पासून एका खोल विहिरीतून थेट भूजलात सोडले जात असे. १९८४ साली हा नेहमीचा प्रकार थांबवला गेला. पण वेगाचे गणित तुम्ही आताच केले आहे. खाली गेलेली घाण लवकर निघून जात नाही. म्हणून भूवैज्ञानिक अनेक विहिरींतून पाण्याचे नमुने काढून अजूनही तपासत असतात.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. काळा बेसॉल्ट तर आपल्याकडेही आहे. सह्याद्री त्याचाच. देवगिरीचा कडा त्याचा, अजिंठा व वेरूळची लेणी त्यातच कोरलेली. महाराष्ट्राचा बहुतेक सारा भाग याच काळ्या पाषाणाचा आहे. तोही लाव्हारसाच्या थरांनीच बनला आहे. मग आपल्याकडे असे हजार झरे का नाहीत? उलट कोकणात आणि घाटात धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना टँकरची वाट का पाहावी लागते?

याचे उत्तर खडकाच्या नावात नाही, त्याच्या वयात आहे. आयडाहोचा वरचा लाव्हा तरुण आहे. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा आहे. एवढ्या काळात त्याच्या फटींत माती भरली. खडक कुजून चिकणमाती झाली आणि तिने भेगा बुजवल्या. पूर्वी जी भोके होती, त्यांत पाण्यातली खनिजे साचून ती भरून गेली. खडी फोडतात तेथे काळ्या दगडात पांढरे, चकचकीत स्फटिक तुम्हांला कधी सापडले आहेत का? ती अशीच भरलेली भोके होत. भाकरींची चवड तीच, पण मधल्या जागा लिंपल्यासारख्या झाल्या.

विहीर खणणाऱ्या माणसाला हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते. वर माती लागते. मग मुरूम लागतो. मुरमात पाणी झिरपते. त्याखाली कोठे मांजऱ्या खडक लागला, तर तोही थोडेफार पाणी देतो. पण अखंड काळा कातळ लागला, की पहारीचा आवाज बदलतो. खणणारा थांबतो आणि कपाळाचा घाम पुसत म्हणतो, "आता सुरुंगच हवा. आणि पाणी लागेलच असे नाही." शेजारच्या शेतात पाणी आणि आपल्या शेतात कोरडा कातळ, असे आपल्याकडे होते ते यामुळेच. एका विहिरीखाली भेग असते, दुसरीखाली नसते.

आपला खडक पाणी पीत नाही असे नाही. तो घोट घोट पितो. पाऊस मात्र दोन-चार तासांत पडून मोकळा होतो आणि उतारावरून पळून जातो. म्हणून पाण्याला थोडे थांबवावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे एक गाव आहे. क्रेटर्स ऑफ द मून येथे पडते तसाच बेताचा पाऊस तेथेही पडतो. १९९० च्या आधी हे गाव पाण्यावाचून हैराण झाले होते. कित्येक माणसे गाव सोडून कामाला बाहेर जात. मग सरपंच पोपटराव पवार आणि गावकरी यांनी डोंगरउतारावर आडवे चर खणले, बांध घातले, झाडे लावली. पावसाचे पाणी चरात अडू लागले. अडलेले पाणी मुरमात आणि भेगांत सावकाश उतरू लागले. काही वर्षांत विहिरींना पाणी वाढले.

शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असेही गावाने ठरवले. कातळातल्या खोल भेगांत साठलेले पाणी उपसले, तर ते पुन्हा भरायला फार काळ लागतो. दरवर्षी पावसाळा संपला की गावकरी एकत्र जमतात. किती पाऊस पडला आणि किती पाणी मुरले, याचा हिशेब मांडला जातो. आधी माणसांचे आणि गुरांचे पाणी बाजूला काढतात. उरलेल्या पाण्यात कोणते पीक बसेल, ते मग ठरते. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो, त्या वर्षी जास्त पाणी पिणाऱ्या पिकांचे नाव त्या यादीत नसते.